नाकाचं माप

रविवार, २३ जुलै २००६

आज सावरखेड्याहून सहा बाया आल्या. पावसात भिजलेल्या होत्या, पण आत यायच्या आधी ओसरीवर पदर पिळून घेतले. पुढे इंदूबाई. त्या गावात मी जन्मलो, त्यामुळे माझं वय, शिक्षण, हायस्कूलमधली नोकरी, यांतल्या कशाचाही इंदूबाईंवर परिणाम होत नाही. छप्पन साली गावाने दीक्षा घेतली, त्यानंतर जन्मलेलं पहिलं पोर मी. म्हणून धम्मरत्न. नाव ठेवणाऱ्यांत आपणही होतो, हे त्या दर भेटीत सांगतात. आजही सांगितलं.

काम असं आहे. दीक्षेला यंदा पन्नास वर्षं होतात. २ ऑक्टोबरला दसरा. त्या दिवशी गावच्या विहारात बुद्धमूर्ती बसवायची. आजवर तिथे काचेतला एक फोटो आहे, तोही ओल धरलेला. मूर्ती विकत आणायची नाही, आपल्या माणसाकडून करून घ्यायची, असं महिला मंडळाने ठरवलं. लोखंड, वाळू, सिमेंट मंडळ देणार. माती बाया स्वतः तळ्यावरून आणणार. दसऱ्यानंतर कापसाची वेचणी लागते, मग कोणालाच सवड नाही. म्हणून तारीख पुढे जाणार नाही.

मी म्हणालो, मी शाळेत चित्रकला शिकवतो, मूर्तीला हात लावून चोवीस वर्षं झाली. इंदूबाई म्हणाल्या, "मंग हात आराम करून राह्यले इतके दिवस. आता लाव कामाले."

हो म्हणालो. त्या गेल्यावर ही म्हणाली, विचार करून सांगतो म्हणायचं होतं. विचार केला असता तर नाही म्हणालो असतो. आता करायचं.

शनिवार, २९ जुलै

कामाला जागा मिळाली. इथेच, दिग्रसच्या बाजारामागे फुलचंदजींची जिनिंग आहे, दोन हंगाम बंद. शेतकऱ्याला भाव नाही, जिनिंगला कापूस नाही, कामगार सुरतेला गेले. यंत्रांवर ताडपत्री टाकलेली आहे. शेडच्या छताच्या कैच्यांवर जुनी रुई अजून लटकते आणि वारा आला की खाली उतरते.

फुलचंदजी भला माणूस. किल्ली देताना म्हणाले, "मास्तरजी, टेन्शन घेऊ नका. नाही जमलं तर नागपूरहून फायबरची रेडीमेड मूर्ती आणू, सोनेरी, पाच फुटी. माझ्यातर्फे. फक्त खाली एक छोटी पाटी."

इंदूबाईंना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, पाटी त्याची आणि बुद्ध आमचा, असं चालत नाही. पण मंडळातल्या दोघी-तिघींना सोनेरी मूर्ती आवडलेली आहे, हेही त्यांनीच सांगितलं. म्हणजे मी वेळेत पुरा पडलो नाही, किंवा त्यांच्या मनास आलं नाही, तर दसऱ्याला फुलचंदजींची पाटी बसणार.

मंगळवार, ८ ऑगस्ट

सांगाडा उभा राहिला. आठ मिमीच्या सळ्या, वर जाळी. मातीत रुई मिसळली, तडे जात नाहीत. ती शेडमध्ये फुकट आहे, हात वर केला की मिळते.

धड, मांडी, चीवर झालं. चीवराच्या चुण्या घालताना हात आपोआप चालू लागला आणि बरं वाटलं. या चुण्या मी शिकलो नागपूरच्या कला विद्यालयात, प्लास्टरच्या ग्रीक पुतळ्यांवरून. दोन वर्षं आम्ही तेवढंच काढायचो. कोपऱ्यात अपोलोचं डोकं होतं, टवका उडालेलं. कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत एक सरळ उतार. सर म्हणायचे, "जगातला प्रत्येक चेहरा म्हणजे या चेहऱ्यात झालेली चूक. चूक ओळखायला शिका." हेड स्टडीत मी वर्गात पहिला आलो होतो.

आणि हे काही परकं नाही. सिकंदर गेला, पण मागे ग्रीक राजे आणि ग्रीक कारागीर वायव्येला राहिले, गांधारात. पुढे तिथे बुद्धाच्या मूर्ती घडल्या, त्यांच्या अंगावर याच चुण्या, डोक्यावर हेच कुरळे केस, हेच नाक. त्याआधी आपल्याकडे बुद्धाला माणसाचं रूप देतच नव्हते. पावलं कोरायचे, रिकामं आसन कोरायचे. म्हणजे हे नाक आमच्या मूर्तीत दोन हजार वर्षांपासून आहे. सावरखेड्यात मी गांधाराचा बुद्ध बसवणार. ठरलं.

रविवार, १३ ऑगस्ट

चेहऱ्याला समोर कोणीतरी बसलेलं हवं. पापणी खाली आली की तिचा गोल कसा पडतो, ओठाच्या कोपऱ्यात सावली किती, हे पाठ नसतं. मुलीला, समीक्षाला बसवलं. तेवीस वर्षांची आहे, डी.एड. झालं आहे, जागा निघायची वाट बघते. तिच्याइतकं स्थिर बसणारं मी वर्गात कोणी पाहिलं नाही. डोळे मिटून दोन तास बसली. मधे एकदा विचारलं, "बाबा, मी खरंच बुद्धासारखी दिसते का?" मी म्हणालो, हलू नको.

कॅलिपरने मापं घेतली आणि कागदावर तिचा चेहरा काढून शेजारी लिहिली. नियम असा की नाकाची रुंदी एका डोळ्याएवढी हवी. डोळा ३१ मिमी. नाक ३९. जास्तीचे ८ लाल पेन्सिलने गोल केले आणि वरून बरोबर नाकाची रेघ काढली, म्हणजे मातीत काम करताना गोंधळ होत नाही. मुलांच्या चित्रांतही मी असंच करतो. पापण्या मात्र तिच्या जशाच्या तशा घेण्यासारख्या आहेत.

बुधवार, १६ ऑगस्ट

उमरखेडच्या पाहुण्यांचा निरोप आला. मुलगी शिकलेली आहे, वागायला चांगली आहे, पण मुलाला जरा उजळ हवी. हे तिसरं स्थळ. नाकाबद्दल काही म्हणाले नाहीत. हिने दुपारचं जेवण टाळलं. समीक्षा मात्र जेवली, भांडी घासली, पेपरमधली शिक्षण सेवकांची जाहिरात कापून ठेवली.

रविवार, २० ऑगस्ट

चेहरा उत्तम आला आहे. अनेक वर्षांनी स्वतःच्या हाताचा अभिमान वाटला. कपाळावरून ओळंबा सोडला तर नाकाला घासून जातो.

दुपारी समीक्षा डबा घेऊन आली. मी वर शिडीवर होतो. मापांचा कागद समोरच्या फळीवर टाचलेला होता, ती त्याच्यापुढे बराच वेळ उभी राहिली. काही विचारेल असं वाटलं. डबा ठेवून गेली. पाऊस होता, तरी छत्री इथेच राहिली.

गुरुवार, २४ ऑगस्ट

समीक्षाचं काहीतरी बिनसलं आहे. जेवायला वाढते, पण स्वतः मागून आईबरोबर बसते. उमरखेडचं मनाला लागलं असणार. मी हिला म्हणालो, तिला सांग, दुसरी स्थळं येतील. ही माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुमीच सांगा की." वेळ नाही. रविवारी बाया येणार आहेत.

रविवार, २७ ऑगस्ट

अकरा बाया आल्या. मी मूर्तीवरचं तरट काढलं. सगळ्या गप्प. मला वाटलं, भारावल्या.

इंदूबाई मूर्तीभोवती फिरल्या. हाताला, पायाला, चुण्यांना बोट लावलं. चेहऱ्याला लावलं नाही. मग शेडच्या दारात जाऊन बसल्या. बाकीच्याही त्यांच्यामागे गेल्या. भाकरी आणल्या होत्या, त्या आत बसून खाव्यात म्हणून मी सतरंजी टाकली होती. त्यांनी बाहेर पत्र्याखाली, झिमझिम अंगावर घेत खाल्ल्या. मला हे जरा विचित्र वाटलं.

शेवटी मी विचारलं, कशी आहे. इंदूबाई म्हणाल्या, "चांगला हाये. लय चांगला हाये. पन हा आमाले ओयखत नाई, बापू."

मी म्हणालो, म्हणजे काय?

"मी चारी बाजूनं फिरली. ह्याची नजर आमच्यावर येतच नाई. कलेक्टर बसते तसा बसला हाये."

मी समजावलं की डोळे अर्धे मिटलेले आहेत, नजर येणार कशी. एक तरुण बाई म्हणाली, डोळ्यांचं नाही, नाकाचं आहे. सगळ्या तिच्याकडे बघून मान हलवायला लागल्या, जणू तिने कठीण शब्द शोधून दिला. मग सोनेरी मूर्तीची गोष्ट निघाली. तीही ओळखत नसेल, पण निदान चमकते तरी.

सोमवार, २८ ऑगस्ट

मी बदलणार नाही. पस्तीस दिवस उरलेत. ज्यांनी आयुष्यात एक मूर्ती पाहिली नाही त्यांनी मला नाक शिकवायचं, हे काही पटत नाही. चेहऱ्यात चूक नाही. ओळंबा पुन्हा सोडून पाहिला.

शनिवार, २ सप्टेंबर

कॉलेजमध्ये इतिहास शिकवणारा सेवादास राठोड माझा जुना मित्र. बाजू घेईल म्हणून त्याला शेडवर नेलं. त्याने मूर्ती पाहिली आणि म्हणाला, "हुबेहूब गांधार. पेशावरात शोभली असती."

मग चहावर त्याने मला दोन गोष्टी सांगितल्या, ज्या मला पन्नाशीला टेकल्यावर समजाव्यात याचा राग आला. एक म्हणजे ग्रीकांचे पुतळे पांढरे नव्हतेच. ते रंगवायचे, ओठ लाल, केस काळे, पुरुषांची कातडी उन्हाने रापलेली, तांबूस. रंग शेकडो वर्षांत धुऊन गेला आणि उरलेल्या दगडाला लोक सौंदर्य म्हणायला लागले. आमच्या सरांचं प्लास्टर म्हणजे त्या धुतलेल्या दगडाची नक्कल.

दुसरं असं की गांधारात बुद्ध घडत होता, साधारण त्याच काळात मथुरेतही घडत होता. तिथल्या कारागिरांनी तांबडा दगड घेतला आणि यक्षांच्या मूर्ती करायचे तसाच बुद्ध केला. भरलेले गाल, जाड ओठ, रुंद खांदे, चेहऱ्यावर हसू. मी विचारलं, मग बरोबर कोणाचा? सेवादास म्हणाला, "मास्तर, दोघांनीही बुद्ध पाहिला नव्हता. गांधारवाल्याने आपल्या गावातला देखणा माणूस काढला, मथुरेवाल्याने आपल्या. भांडण एवढंच, की तुझं गाव कोणतं."

निघताना त्याच्या पिशवीत ग्रीक इतिहासाचं जाडजूड पुस्तक होतं, ते मागून घेतलं. रात्री चाळलं. त्यात सॉक्रेटिसच्या पुतळ्याचा फोटो आहे. हा फोटो मी विद्यार्थी असतानाही पाहिला होता. तेव्हा सर पान उलटून पुढे गेले होते.

रविवार, ३ सप्टेंबर

सावरखेड्याला गेलो. सांगायला गेलो होतो की चेहरा असाच राहील. इंदूबाई ओट्यावर बरबटीच्या शेंगा सोलत होत्या. मला शेंगा सोलायला दिल्या.

मी गांधाराचं सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, ग्रीस किती लांब आहे ते विचारलं, तिथे कापूस होतो का तेही विचारलं. होतो, म्हटल्यावर तिथल्या वेचणीच्या बायांबद्दल विचारलं. ते मला माहीत नव्हतं. मग म्हणाल्या, "त्या लोकाइत सगळे सरळ नाकाचेच होते का?"

"नाही. त्यांच्यातला सगळ्यात शहाणा म्हणतात तो माणूस, सॉक्रेटिस, बसक्या नाकाचा होता. लोक त्याला तोंडावर कुरूप म्हणायचे."

"मेल्यावर त्याचा पुतळा केला का नाई?"

"केला. पुष्कळ केले."

"नाक सरळ करून?"

"नाही. होतं तसंच."

"मंग तुले कोनं सांगतलं सरळ करायले?"

मी शेंगा सोलत राहिलो. थोड्या वेळाने त्या आपल्याशीच बोलल्यासारख्या सांगू लागल्या. लहानपणी पाटलाच्या वावरात त्यांना कोणी नावाने हाक मारली नाही. नकटी म्हणायचे. ए नकटे, इकडं ये. त्यांना वाटायचं तेच आपलं नाव आहे. दीक्षेच्या यादीत नाव लिहायला माणूस बसला, त्याने विचारलं तेव्हा त्यांच्या आईने सांगितलं, इंदू. "चवदा वर्साची होती मी. त्या दिवशी मले समजलं माहं नाव काय हाये ते."

येताना त्यांनी शेंगा बांधून दिल्या. चेहरा बदलणार नाही हे सांगायचं राहून गेलं.

मंगळवार, ५ सप्टेंबर

शाळेत शिक्षक दिन. मुलांनी माझं चित्र काढून दिलं. छान काढलं आहे, सवयीने नाक सरळ केलं आहे.

संध्याकाळी शेडवर जाऊन तारेने मूर्तीचं नाक कापलं. एका झटक्यात निघालं. हातात घेऊन थोडा वेळ बसलो, मग पाणी घालून परत मातीत मळलं. गाल आणि ओठही उतरवले. पापण्या ठेवल्या. सत्तावीस दिवस आहेत, पुरतात.

घरी आलो आणि समीक्षाला ही बातमी उत्साहाने सांगितली. म्हटलं, उद्यापासून पुन्हा बस. या वेळी काही बदलायचं नाही, तुझं नाक आहे तसंच घेणार.

ती भाजी चिरत होती. हात न थांबवता म्हणाली, "नाही बसणार मी."

मी विचारलं, काहून?

"परवापर्यंत जास्तीचं होतं. आता तुमच्या कामाचं झालं म्हणून चांगलं झालं का?"

तेव्हा मला तो फळीवरचा कागद आठवला. मी म्हणालो, अगं, तो अभ्यास होता. तसं मोजावंच लागतं. उमरखेडच्यांचा राग माझ्यावर कशाला.

"त्यांचं काही नाही, बाबा. त्यांनी बघितलं आणि नाही म्हटलं. त्यांनी मोजलं नव्हतं."

ही शेगडीपाशी होती. तिने गॅस बंद केला. मी म्हणालो की ते माप वाईट हेतूने नव्हतं. समीक्षा म्हणाली, "मला माहीत आहे. म्हणूनच." आणि मग चिरलेली भाजी कढईत टाकत, अगदी शांतपणे विचारलं, "तुम्ही स्वतःचं मोजलं का कधी?"

बुधवार, ६ सप्टेंबर

शेडमधल्या आरशात मोजलं. डोळा ३१. नाक ४२.

तीनदा मोजलं.

रविवार, १० सप्टेंबर

चार दिवस हात लावला नाही. शाळा, घर, शाळा. कागद फाडून टाकावा असं वाटलं, पण फाडून काय होणार. तिने पाहिला आहे.

आज आरसा मूर्तीच्या शेजारी टांगला आणि काम सुरू केलं. चोवीस वर्षं मी पोरांना नाकं काढायला शिकवतो, आणि रोज सकाळी दाढी करतो. या दोन कामांचा एकमेकांशी संबंध आहे हे लक्षात यायला एवढा वेळ लागावा.

आरशाचा उपयोग थोडाच होतो. पाहिलं की हात लगेच दुरुस्ती करायला धावतो. म्हणून शेवटी डोळे मिटले, एक हात स्वतःच्या चेहऱ्यावर, एक मातीवर. नाकाचं मूळ खोल आहे, बोट तिथे विसावतं. मग एक छोटी चढण, आणि शेवटी दोन्ही बाजूंना उतार. उघड्या डोळ्यांनी मला हे नाक बसकं दिसायचं. बोटाला ते बसकं लागत नाही.

शुक्रवार, १५ सप्टेंबर

फुलचंदजी आले. चेहरा अर्धवट पाहून काळजीत पडले. नागपूरच्या मूर्तीचं अॅडव्हान्स बुकिंग लागतं म्हणाले, वीस तारखेपर्यंत सांगा. मी म्हणालो, रविवारी संध्याकाळी सांगतो. त्यांनी माझ्या हाताकडे पाहून विचारलं, तब्येत बरी आहे ना? सांधे सुजलेत. गावात सगळीकडे चिकनगुनिया आहे, आमच्या घरी ही नुकतीच उठली. तापाला गोळी घेतली. बोटं वाकत नाहीत, पण अंगठ्याने दाबता येतं. अंगठ्याने बरंच होतं.

रविवार, १७ सप्टेंबर

या वेळी पाचच बाया आल्या. बाकीच्यांच्या घरी ताप. मी तरट काढलं आणि शिडीवर जाऊन बसलो.

इंदूबाई समोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "हे तं…" आणि थांबल्या. पदराने हात पुसला आणि मूर्तीच्या गालाला लावला. ओली माती, बोटांचे ठसे उमटले.

मग त्यांनी तिथेच, मूर्तीच्या पुढ्यात, फतकल मारली आणि फडकं सोडलं. ज्वारीची भाकर, ठेचा, कांदा. बाकीच्या चौघी बसल्या. खाताना नेहमीच्या गप्पा. कोणाची सून माहेरी बसली, कपाशीवर लाल्या आला, यंदा बोंडं कमी. मूर्तीबद्दल एक शब्द नाही. अर्धी भाकर त्यांनी मला शिडीवर दिली. मी तासभर वाट बघितली की आता काही म्हणतील. शेवटी विचारलंच.

"काय पायजे तुले?" इंदूबाई म्हणाल्या. "जेवलो ना आमी."

संध्याकाळी फुलचंदजींना फोन केला की बुकिंग नको. ते म्हणाले, ठीक आहे मास्तरजी, मग मंडप माझ्यातर्फे. मंडपाला पाटी नसते, म्हणून इंदूबाईंनी हो म्हटलं.

शनिवार, २३ सप्टेंबर

प्लास्टरचा साचा घेतला. पाच तुकड्यांत. ताप पुन्हा आला होता, वर्गातल्या कपिलने बादल्या वाहिल्या. साचा सुटताना मातीचा चेहरा फुटतो, दर वेळी फुटतो. आता फक्त उलटा ठसा आहे. तो खोलगट चेहरा बघताना मला पहिल्यांदा भीती वाटली. सिमेंट नीट भरलं नाही तर पुन्हा करायला दिवस नाहीत, आणि बोटांनाही जमेल असं वाटत नाही.

शुक्रवार, २९ सप्टेंबर

साचा फोडला. डाव्या गुडघ्याला हवेचा खड्डा राहिला, तो भरला. चेहरा पूर्ण आला. पॉलिश पेपर मारला, रंग दिला. पांढरा नाही, सोनेरी नाही. पावसानंतर आमच्या वाटांची माती दिसते तसा तांबूस तपकिरी.

समीक्षाला सांगितलं की झालं. ती म्हणाली, बरं. सोमवारी येशील का विचारलं. आईबरोबर येईन म्हणाली. कागदाबद्दल मला तिच्याशी बोलायचं आहे, पण दर वेळी वाक्य "अगं, तसं नव्हतं" असं सुरू होतं, आणि तिथेच ते चुकतं हे आता मलाही कळतं.

सोमवार, २ ऑक्टोबर

मूर्ती बसली.

ट्रॅक्टरवर गवताच्या पेंढ्यांत बसवून नेली. वेशीपासून विहारापर्यंत सगळं गाव पांढऱ्या कपड्यांत. इंदूबाईंनी पडदा काढला. वंदना झाली. काही म्हाताऱ्या बाया पुढे येऊन बघत राहिल्या आणि नंतर माझ्याकडे बघत राहिल्या. नागपूरहून आलेले एक पाहुणे भाषणात कलेचं कौतुक करून खाली उतरल्यावर मला हळूच म्हणाले, चेहरा जरा गावठी झाला. तेवढ्यात मागून इंदूबाई म्हणाल्या, "गावातच राहनार हाये तो."

समीक्षा गर्दी ओसरेपर्यंत थांबली. मग एकटी आत गेली. मी दाराशी उभा होतो. पोरं चित्र घेऊन माझ्या टेबलाशी उभी राहतात तसा. ती बराच वेळ बघत होती. बाहेर आली, चपला घातल्या. आम्ही बसथांब्यावर गेलो. ही इंदूबाईंकडे मुक्कामाला थांबली, त्यामुळे बसमध्ये आम्ही दोघंच.

गाव मागे पडल्यावर तिने खिडकीबाहेर बघत विचारलं, "बाबा, खरं सांगा. मी कशी दिसते?"

सुंदर, असं तोंडावर आलं होतं. ते मी म्हटलं असतं तर ती "बरं" म्हणाली असती आणि विषय कायमचा संपला असता. दोन थांबे गेले. मग मी म्हणालो, "तो कागद मी काढायला नको होता. माप चुकलं नव्हतं. काढायलाच नको होता."

ती खिडकीकडून वळली.

"तू माझ्या आईसारखी दिसतेस," मी म्हणालो. "मीही तिच्यासारखाच दिसतो. हे मला आत्ता-आत्ता कळलं."

"कशी होती आजी?"

तिने आजी पाहिलेली नाही. आईचा फोटो नाही. एकही नाही, कोणी काढला नाही, आणि मी, ज्याला चित्र काढता येत होतं, त्यानेही तिला कधी समोर बसवलं नाही. वर्गात पहिला आलो त्या उन्हाळ्यात घरी आलो होतो, तेव्हा ती होती. मी तेव्हा पाठ झालेला अपोलो काढून तिला दाखवला होता.

मी सांगायला लागलो. आधी केस, कारण ते सोपे. मधोमध भांग, तेलाने चप्प बसवलेले, कानामागे एक बट कधीच बसायची नाही. मग कपाळ. कपाळावर गोंदण होतं, तीन ठिपके आणि खाली एक, आणि ऊन डोळ्यांवर आलं की ते वर सरकायचे. रागावली की एकमेकांजवळ यायचे. आठ्या किती पडायच्या, हे समीक्षाने विचारलं. मला आठवायला वेळ लागला. दोन, आणि तिसरी अर्धी, डाव्या बाजूला.

बस दिग्रसला लागली तेव्हा मी अजून कपाळावरच होतो. स्टँडपासून घर बाजारातून दहा मिनिटांवर आहे, तळ्याकडून लांब पडतं. समीक्षा म्हणाली, बाजाराच्या रस्त्याने नको, तळ्याकडून जाऊ.